रिओहात सायकलवर सहा दिवस: वळसा कसा आखायचा आणि चिखल दिसला की काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. दोघं मित्र सप्टेंबरच्या शेवटी स्पेनमधल्या रिओहा या द्राक्षांच्या मुलखात सहा दिवस सायकल चालवणार आहेत. दोघंही इकडे घाट चढणारे, दिवसाला शंभर किलोमीटरची सवय असलेले. बेत आहे पॅनिअर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावून रोज ८०-९० किमी करत रिओहाचं मुख्य शहर लोग्रोन्यो ते पश्चिमेचं बुर्गोस आणि परत. मार्ग बरोबर आहे का, सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्यानं घ्यावी, आणि एक जण शाकाहारी आहे, त्याचं काय?

सायकल भाड्यानं घ्या. बुर्गोस सोडून द्या. रोजचं अंतर निम्मं करा, म्हणजे सरासरी ४० किमीच्या आसपास. पाय शंभर किमी जातील, पण घड्याळ जाऊ देणार नाही. सप्टेंबरच्या शेवटी तिथे सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून दहापर्यंत निम्मं अंतर उरकायची आपली सवय उपयोगाची नाही. बोदेगा, म्हणजे वाइन तयार करून मुरवत ठेवतात ती जागा, आधी वेळ घेऊनच बघता येते. ती भेट, चव घेणं आणि पुन्हा खोगिरावर बसण्याआधी थांबणं यात अडीच-तीन तास जातात. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन. दोन ते पाच गावातली दुकानं बंद. एवढं वजा केल्यावर सायकलीला चार तास उरतात, आणि त्यातलाही एखादा वारा खातो.

नकाशावर आधी नद्या बघा, रस्ते मागाहून. एब्रो वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. उत्तरेला सिएर्रा दे कांताब्रियाची उभी भिंत आहे. समुद्राकडून येणारे ढग ती अडवते, म्हणून तर तिच्या पायथ्याशी द्राक्षं होतात. दक्षिणेला सिएर्रा दे ला देमांदा, तिचं सर्वांत उंच शिखर सान लोरेन्सो २,२७० मीटरच्या आसपास. या दक्षिणेच्या डोंगरांतून ओहा, नाहेरिया, इरेग्वा अशा नद्यांचं पाणी उत्तरेकडे येऊन एब्रोला मिळतं. यातून एकच नियम निघतो: नदीच्या काठानं गेलात तर चढ सौम्य, नद्या ओलांडत गेलात तर दर नदीमागे एक टेकाड. लोग्रोन्यो ते बुर्गोस ही वाट सगळ्या नद्या आडव्या कापत जाते, आणि परत येताना पुन्हा कापते. शिवाय बुर्गोसकडचा बराचसा पट्टा द्राक्षांचा नाहीच, गव्हाचा आहे.

त्याऐवजी वळसा घ्या: लोग्रोन्यो, लाग्वार्दिया, आरो, एस्काराय, नाहेरा, परत लोग्रोन्यो. दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे नको, काट्याच्या उलटीच. एब्रोच्या खोऱ्यात 'सिएर्सो' नावाचा वायव्येचा वारा वाहतो आणि दुपारी जोर धरतो. असं गेलात की पहिले दोन दिवस तो तोंडावर घेता, पण ते टप्पे छोटे आहेत आणि दर पाच-सहा किलोमीटरवर गाव आहे. परतीच्या दोन दिवसांत तोच वारा पाठीशी येतो. काट्याप्रमाणे निघालात तर नाहेरा ते एस्काराय हा सर्वांत लांब टप्पा दुसऱ्याच दिवशी येतो, आणि त्यातले उतार चढ होतात.

सायकल आणि सामान

सहा दिवसांसाठी विमानातून सायकल नेणं म्हणजे दोन दिवस खोका बांधण्यात आणि सोडण्यात घालवणं. ई-सायकल हवी असेल तर प्रश्नच नाही. तिची बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, तिथलीच घ्यावी लागते. लोग्रोन्यो किंवा बिल्बाओत भाड्यानं मिळते, पण सप्टेंबरसाठी दोन-तीन महिने आधी ठरवा. आपलं खोगीर आणि पेडल मात्र न्या. शरीराला सवय असते ती या दोनच गोष्टींची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घाईत जोर लावून क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे खराब केल्याचे प्रकार होतात.

भाड्यानं घेताना दुकानदाराला 'टूरिंग बाइक आहे का' एवढंच विचारू नका. चार गोष्टी नेमक्या विचारा. टायर किती मिलिमीटरचे? ३८ ते ४२ हवेत. सर्वांत हलका गिअर कोणता? पुढच्या लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांपेक्षा कमी असले पाहिजेत, म्हणजे पुढे ३०, मागे ३४ अशासारखं. गावं टेकडीच्या माथ्यावर आहेत आणि शेवटचे तीन-चारशे मीटर १०-१२ टक्क्यांचा चढ सहज येतो, रिकाम्या सायकलीला चालणारा पुढे ३४, मागे २८ तिथे सामानासकट गुडघे मागतो. तिसरं, मागच्या कॅरियरला फ्रेमवर स्क्रूची भोकं आहेत का, की सीटपोस्टला, म्हणजे खोगिराच्या नळीला, आवळलेला कॅरियर देणार? आवळलेला नको, खडीवर तो फिरतो आणि पॅनिअर चाकाला घासतं. चौथं, त्याच फ्रेमचा सुटा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर फ्रेमला लटकतो तो तुकडा. हा अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तुटला तर गावात मिळत नाही, आणि इथला चिखल नेमका तोच तोडतो.

ब्रेक लगेच तपासून बघा. स्पेनमध्ये साधारणपणे डाव्या हाताचा लिव्हर पुढच्या ब्रेकचा आणि उजव्या हाताचा मागच्या ब्रेकचा असतो, आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर उलट. दचकून जोरात दाबायची वेळ येईल तेव्हा हात जुन्या सवयीनं चालतो. म्हणून पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत फिरवा, नाहीतर दुकानातच केबली बदलून घ्या. रहदारी उजव्या बाजूनं चालते, आरसा लावायचा तर डाव्या मुठीला लावा.

सामान १० ते १२ किलोच्या वर जाऊ देऊ नका. रोज छपराखाली झोपणार आहात, तंबू-स्टोव्हची गरज नाही. स्वार, सायकल, सामान मिळून वजन ९५-१०० किलो धरलं तर ४० मिमीच्या टायरला मागे ४५ आणि पुढे ३८ पीएसआय हवा ठेवा. खडीच्या दिवशी दोन्हीत पाच कमी करा. भरधाव डांबरावर मजा येते म्हणून ६५-७० भरून ठेवली तर द्राक्षमळ्यांतल्या दगडगोट्यांवर सायकल उड्या मारते आणि मागचं चाक चढावर घसरतं.

पंक्चरचं मुख्य कारण तुमच्या ओळखीचं आहे: सराटा. आपल्याकडे माळावर पायात जातो तोच, गोखरू. स्पॅनिशमध्ये त्याला 'आब्रोहो' म्हणतात. एब्रोकाठच्या कोरड्या वाटांच्या कडेला तो पसरलेला असतो आणि उन्हाळा संपता संपता त्याची काटेरी फळं सुटून वाटेवर पडतात, म्हणजे तुम्ही जाणार तेव्हाच. फोटो काढायला सायकल वाटेखाली गवतात टेकवलीत की काम झालं. ती डांबरावर किंवा वाटेच्या मधोमधच उभी करा. ट्यूब असेल तर एक काटा काढून समाधान मानू नका, सराटे एकटे येत नाहीत. टायर पूर्ण काढा, आतून कापडाचा बोळा सगळीकडे फिरवा, धागे अडकतील तिथे काटा आहे. ट्यूबलेस असेल तर चाकात ६० मिली सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) आहे ना, हे निघण्यापूर्वी दुकानदाराकडून बघून घ्या आणि वाटेत काटे उपटू नका, मुक्कामी पोचून एकेक काढून चाक फिरवा. दोघांत मिळून तीन ट्यूब, पॅच, एक चेन-लिंक, चेन-टूल, कोरड्या हवेचं तेल. धूळ पिठासारखी बारीक असते, ओलसर तेलावर ती बसून संध्याकाळपर्यंत चेन काळी होते.

पहिला दिवस: लोग्रोन्यो ते लाग्वार्दिया, सुमारे ४० किमी

सरळ रस्त्यानं हे अंतर अठरा किमीसुद्धा नाही. पण मुख्य रस्त्यानं जाऊन काही हाती लागत नाही. शहरातून पश्चिमेला ला ग्राहेरा तलावाकडे पादचारी आणि सायकलींची वाट जाते, पश्चिमेकडच्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचीही तीच. तलावाच्या पुढे महामार्गाच्या जाळीवर यात्रेकरूंनी काटक्यांचे क्रूस खोचलेले दिसतील, मग नावार्रेते, मातीच्या भांड्यांचं गाव. तिथून फुएनमायोर, सेनिसेरो, एब्रोवरचा पूल, आणि पलीकडे एल्सिएगो. एल्सिएगोत वास्तुकार फ्रँक गेरी यांनी मार्केस दे रिस्काल या बोदेगासाठी बांधलेलं हॉटेल आहे, २००६ सालचं. टायटॅनियमचे गुलाबी, सोनेरी, चंदेरी पत्रे वाऱ्यात उडालेल्या साडीसारखे. ते बघायला आत जायची गरज नाही, गावाबाहेरून द्राक्षमळ्याच्या बांधावरूनच चांगलं दिसतं.

सेनिसेरोच्या आसपास एन-२३२ या राष्ट्रीय रस्त्याशी गाठ पडते. तो फक्त ओलांडा, त्यावरून चालवू नका. कायद्यानं बंदी नाही, पण गाड्या वेगानं जातात आणि बघण्यासारखं काही नाही.

एल्सिएगो ते लाग्वार्दिया सहा किमी आणि सुमारे १८० मीटर चढ. चढ सरासरी तीन टक्के, पण लाग्वार्दिया समोर टेकडीवर पहिल्यापासून दिसत राहतं आणि जवळ येत नाही. तटबंदीच्या आत गाड्यांना मज्जाव आहे, कारण गल्ल्यांखाली खडकात कोरलेल्या तळघरांचं जाळं आहे. सायकल हातात धरून चालत जा. मुक्कामाच्या जागेला आधीच विचारून ठेवा की सायकल कुठे ठेवणार. जुन्या घरांत जिने अरुंद असतात आणि 'अंगणात ठेवा' म्हणायला अंगणच नसतं.

दुसरा दिवस: लाग्वार्दिया ते आरो

या सबंध फेरीत सर्वांत जास्त वेळ द्यावा असा हा पट्टा आहे. डोंगराच्या पायथ्यानं ए-१२४ रस्ता लेसा, सामानिएगोकडे जातो, पुढे आबालोस, सान विसेन्ते दे ला सोन्सिएर्रा, लाबास्तिदा, ब्रिन्यास आणि नदी ओलांडून आरो. एकूण तीस-बत्तीस किमी. रस्ता वर-खाली होत जातो, पण कुठलाच चढ लांब नाही. डावीकडे एब्रोपर्यंत उतरत गेलेले मळे, उजवीकडे करड्या खडकाची भिंत आणि तिच्यावर घिरट्या घालणारी गिधाडं.

ज्यांना घाट हवाच आहे त्यांनी सकाळी पॅनिअर लाग्वार्दियात ठेवून ए-२१२४ नं एर्रेरा खिंडीकडे चढावं. खिंड १,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे गावापासून साडेचारशे-पाचशे मीटर वर. माथ्याजवळ 'बाल्कोन दे ला रिओहा' नावाची जागा आहे. वर सूचिपर्णी-पानझडी जंगल, खाली वाफा-वाफा केलेला मुलूख, आणि मध्ये चकाकणारी एब्रो. येऊन-जाऊन दोन-अडीच तास. उतरताना विंडचीटर घाला. सकाळचं तापमान १० अंशांच्या खाली असू शकतं आणि घामानं ओली जर्सी उतारावर बर्फ होते.

घाट नको असेल तर सामानिएगोहून खाली वियाबुएना आणि बान्योस दे एब्रोकडे उतरा. पाच-सहाशे मीटर गेलात की प्रत्येक वळणावर एक बोदेगा. इथे काही कुटुंबं अजूनही ताज्या, त्याच वर्षीच्या वाइनसाठी घड न चुरता अख्खे टाकीत भरतात. आतल्या आत द्राक्षं फुटून आंबतात, वाइन फळासारखी, हलकी होते. नदीपर्यंत उतरल्यावर परत वर यावंच लागतं, हे उतरताना लक्षात राहत नाही.

मळ्यांकडे नीट बघा. नाशिककडच्या मांडवांची, तारांची सवय असलेल्या डोळ्याला जुने मळे विचित्र वाटतात. तार नाही, खांब नाही, गुडघ्याएवढी गाठाळ खोडं आणि वर चार-पाच फांद्यांची ओंजळ. या छाटणीला तिथे 'एन वासो' म्हणतात, पेल्यासारखी. पानांची सावली घडावरच पडते आणि वेल कमी पाण्यात जगतो. मधूनच दगडी घुमटीसारखी झोपडी दिसते, तो 'ग्वार्दाविन्यास', म्हणजे द्राक्षराखणदाराचा आसरा. पावसाची सर आली तर उभं राहायला बरा, गडगडाट सुरू असेल तर मात्र गाव गाठा. घड तोडू नका. एकाच घडानं काय होतंय, असं म्हणणारे दिवसाला पन्नास जण त्या वाटेनं जातात.

चिखल

हे स्वतंत्र सांगायलाच हवं, कारण बहुतेकांची फेरी इथेच बिघडते. मळ्यांमधून जाणाऱ्या पाणंदी कोरड्या असताना सुरेख असतात. जमिनींच्या एकत्रीकरणात आखलेल्या रुंद, पांढऱ्या खडीच्या वाटा ट्रॅक्टरसाठी केलेल्या आहेत, सायकलला त्या पुरून उरतात. पण त्यांच्यापासून फुटणाऱ्या लहान वाटांवर खडी नसते, नुसती चुनखडीयुक्त चिकण माती. दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस झाला की ती शाडूसारखी होते. चाकाला थर बसतो, त्याला खडे चिकटतात, शंभर मीटरवर मडगार्ड भरतं, चाक फिरेनासं होतं. इथे लोक पेडल जोरात मारतात. चिखलानं भरलेला मागचा डिरेलर चेनबरोबर वर ओढला जातो, आरांत अडकतो आणि हँगर तुटतो.

म्हणून चाक जड लागलं की त्या क्षणी थांबा. उतरा, काडीनं मडगार्ड आणि ब्रेकजवळची माती काढा आणि आलात त्याच वाटेनं परत जा. पुढे बरं असेल या आशेवर जाऊ नका, पुढे उतार असेल तर तिथे पाणी साचलेलं असतं. सायकल ढकलूही नका, ढकलताना चाक फिरतंच आणि माती जमतेच. पॅनिअर काढून दोन फेऱ्यांत उचलून न्या. पावसानंतर ऊन-वारा असेल तर एक पूर्ण दिवस, ढगाळ असेल तर दोन दिवस मातीच्या वाटा सोडून डांबरावर राहा. मोबाइलवरचं मार्ग काढणारं अॅप हे सांगत नाही. त्याला खडीची पाणंद आणि मातीची पाणंद सारखीच. आदल्या रात्री मार्ग उपग्रहचित्रावर ताणून बघा: पांढरी वाट म्हणजे खडी, मळ्याच्याच रंगाची वाट म्हणजे माती. मध्येच हिरवा पट्टा उगवलेला दिसला तर ती कुणाच्या तरी मळ्यात जाऊन संपते.

तिसरा दिवस: आरो आणि ब्रिओनेस

सायकल २५ किमीच. आरोच्या रेल्वे स्टेशनाशेजारी जुन्या बोदेगांची वस्तीच आहे. लोपेस दे एरेदिया १८७७ ची, कूने १८७९ ची, ला रिओहा आल्ता १८९० ची. स्टेशनाजवळच का, याचं उत्तर सोपं आहे. फ्रान्सचे मळे फिलॉक्सेरा या किडीनं उद्ध्वस्त झाले, बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत इकडे आले, आणि पिंपं बिल्बाओच्या बंदराकडे न्यायला रूळ होते. तिथलं २२५ लिटरचं ओकचं पिंपही बोर्दोचंच माप आहे.

भेटीची वेळ दोन-तीन आठवडे आधी ठरवा, इंग्रजीतली भेट दिवसातून ठरावीक वेळीच असते. रविवारी दुपारी आणि सोमवारी बरंच बंद. तुम्ही जाणार तेव्हा तोडणी सुरू असेल. रिओहाच्या पूर्व भागात ती आधी होते, आरोकडे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. मोठ्या बोदेगा तेव्हाही पाहुणे घेतात, लहान कुटुंबाच्या बोदेगा नाही म्हणू शकतात, त्यांना खरंच वेळ नसतो. आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या. अरुंद वळणावर द्राक्षांनी भरलेली ट्रॉली आत कापत येते, तेव्हा कडेला उतरून उभं राहा, डांबरावर सांडलेल्या रसावर टायर घसरतो.

बाटलीवरचे तीन शब्द कळले की चव घेताना उपयोग होतो. लाल वाइनसाठी 'क्रिआन्सा' म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक ओकच्या पिंपात. 'रेसेर्वा' तीन वर्षं, 'ग्रान रेसेर्वा' पाच, त्यात किमान दोन पिंपात. हे मुरवण्याचं मोजमाप आहे, महाग म्हणजे जास्त आवडेल असं नाही.

आता कायदा. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, पोलीस तपासू शकतात आणि दंड ५०० युरोपासून सुरू होतो. चव घेताना थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं तिथे अजिबात उद्धट नाही, व्यवसायातले लोक तेच करतात. सगळ्यांत सोयीचं म्हणजे भेट दिवसाच्या शेवटी, मुक्कामाच्या गावात ठेवणं. आरोचा दिवस छोटा ठेवला आहे तो त्यासाठीच: सकाळी ब्रिओनेस आणि तिथलं विवान्कोचं वाइन-संग्रहालय, दुपारनंतर सायकल मुक्कामी ठेवून स्टेशनाकडे पायी. बाटली विकत घ्यायचा मोह होईल. एक भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते, आणि अजून तीन दिवस चढ आहेत.

चौथा दिवस: ओहाच्या काठानं एस्काराय

आरोहून कासालारेइना डांबरी रस्त्यानं सहा-सात किमी, आणि तिथून जुन्या रेल्वेच्या मार्गावर केलेली 'विया वेर्दे', हिरवी वाट. ही अरुंद रुळांची गाडी आरो-एस्काराय धावायची, १९६४ मध्ये बंद झाली. नदीकाठची वाट, त्यामुळे चढ जाणवतच नाही. आरो ४८० मीटरवर, एस्काराय ८१० च्या आसपास, हा सगळा चढ पस्तीस किमीत वाटला गेला आहे. पृष्ठभाग दाबलेली खडी, पावसातही चालते. मध्ये सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा. तिथल्या कॅथेड्रलमध्ये एका दंतकथेपायी जिवंत कोंबडा-कोंबडी भिंतीतल्या खुराड्यात ठेवतात. प्रवचन चालू असताना कोंबडा आरवला तर कुणी दचकत नाही.

पाचवा: एस्काराय, सान मियान, नाहेरा, सुमारे ५२ किमी

सर्वांत लांब दिवस, आणि नद्या आडव्या कापण्याचा. सान्तो दोमिंगोपर्यंत उतार, मग ओहाचं खोरं सोडून सिरुएन्याकडे उघड्या पठारावर. सावली नाही, पाणी नाही, दोन बाटल्या भरूनच चढा. गावातल्या नळांवर 'आग्वा पोताब्ले' लिहिलं असेल तर प्या. 'नो पोताब्ले' किंवा 'नो त्रातादा' असेल तर फक्त डोक्यावर ओता.

सान मियान दे ला कोगोया इथे युसो आणि सुसो असे दोन मठ आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा. इथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कुणा भिक्षूनं अवघड शब्दांचे अर्थ लोकभाषेत टिपून ठेवले, काही बास्कमध्येही. बोलभाषेतले इतके जुने लिखित नमुने स्पेनमध्ये थोडेच आहेत. लीळाचरित्र ज्या आदरानं आपण उघडतो, त्या आदरानं स्पॅनिश माणूस इथे येतो. वरच्या सुसोकडे मठाच्या मिनिबसनंच जाता येतं आणि तिकिटाला वेळ ठरलेली असते, ती आधी घ्या, सायकल युसोपाशी लावा. तिथून बेर्सेओ, बादारान, कार्देनास करत नाहेरा, जवळजवळ सगळा उतार.

सहावा: नाहेरा ते लोग्रोन्यो, तीसेक किमी

सरळ वाट यात्रेकरूंची आहे, वेन्तोसावरून. ते पश्चिमेला चाललेले, तुम्ही पूर्वेला, म्हणजे सकाळभर समोरून माणसं. पहिला हक्क चालणाऱ्याचा. घंटी लांबून वाजवा, अरुंद जागी उतरा. वेन्तोसाजवळची माती लालसर आणि ओली झाल्यावर तितकीच वाईट. पाऊस झाला असेल तर नाहेराहून उरुन्युएला, सेनिसेरो, फुएनमायोर असं डांबरानं या, सात-आठ किमी जास्त पडतील.

जेवण, मुक्काम, कागद

शाकाहारी माणसाची अडचण होते, उपासमार होत नाही. 'वेहेतारिआनो' एवढं म्हणून चालत नाही, कारण हॅमचे तुकडे आणि ट्यूना यांना बऱ्याच स्वयंपाकघरांत मांस समजत नाहीत. नावं घेऊन सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन चोरिसो, सिन आतुन', म्हणजे मांस, हॅम, चोरिसो, ट्यूना यांच्याशिवाय. 'पातातास आ ला रिओहाना' हे बटाट्याचं नाव असलं तरी त्यात चोरिसो सॉसेज असतंच. भाज्यांची 'मेनेस्त्रा' छान, पण हॅमशिवाय मिळेल का ते विचारा. बिनधास्त मागवण्यासारखं: भाजलेल्या लाल मिरच्या, पांढरं अॅस्परॅगस, अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया. लोग्रोन्योच्या काये लाउरेल गल्लीत मश्रूमची उभी चळत पावावर देतात, वर कोळंबी असते. 'सिन गाम्बा' म्हटलं की ती काढतात. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी सुरू होत नाही, त्यामुळे सायकलवरून पाचला उतरलेल्या माणसासाठी पॅनिअरमध्ये शेंगदाणे-खजूर हवेतच. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सामान घ्या.

२१ सप्टेंबरच्या सुमारास लोग्रोन्योत सान मातेओचा उत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत आणि महाग असतात. तुमची तारीख त्याच्या पुढची ठेवा. यात्रेकरूंच्या धर्मशाळांवर भिस्त ठेवू नका. तिथे यात्रेचं ओळखपत्र लागतं आणि सरकारी ठिकाणी चालत आलेल्यांना आधी जागा देतात. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामांची आरक्षणं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. विम्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना, ते पॉलिसीत वाचा.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. गाडीवाल्यानं ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक जण सोडतात. याचं आपल्याला इतकं अप्रूप की मागे रांग लागली आहे हे लक्षात येत नाही, तेव्हा जागा दिसली की बाजूला होऊन जाऊ द्या. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला कायदा परवानगी देतो, वळणावर मात्र एकामागे एक.

आरो, सेनिसेरो, लोग्रोन्यो एकाच रेल्वेमार्गावर आहेत. एखादा दिवस बिघडला तर प्रादेशिक गाडीत सायकल उभी चढवता येते, पण जागा दोन-तीन सायकलींचीच आणि गाड्या मोजक्या, वेळापत्रक आदल्या रात्री बघा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ती पिशवीत सुटी करून, १२० × ९० × ४० सेंमीच्या आतच लागते. बिल्बाओहून बसनं येणार असाल तर सायकल पिशवीत हवी आणि तिकिटासोबतच तिची जागा नोंदवा. दोन सायकली आहेत हे चालकाला दारात सांगितलं तर तो तुमच्याकडे बघतो, पोटातल्या सामानाकडे बघतो, आणि पुढच्या बसकडे बोट दाखवतो.